जिन्यांच्या फोल्डरचं कुलूप

१

माझा थोरला गेल्यावर कारखाना पहिल्यांदा उघडला त्याच सकाळी कळलं, की आमच्याच माणसांपैकी कोणीतरी आमच्याच तोंडावर दार लावून ठेवलंय.

आम्ही लाकडी जिने बनवतो. काम माझ्या नवऱ्यानं सुरू केलं, वाढवलं थोरल्यानं. प्रत्येक घराचा जिना वेगळा, प्रत्येक जिन्याचं ड्रॉइंग वेगळं. ती सगळी ड्रॉइंग आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ‘जिने’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असतात. थोरला आत बसायचा. बाहेरच्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर आहे, त्यावरूनही तेच फोल्डर उघडतं. थोरली सून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घेते आणि त्यात भरते. धाकटा त्यावरून कापायचं मशीन चालवतो. मिस्त्री तुकडे जोडून जिना उभा करतो. मी सगळ्यांवर नजर ठेवते. कोणी सांगितलेलं नाही, पण ठेवते.

त्या सकाळी मिस्त्री कापायच्या आधी ड्रॉइंग बघायला वाकला आणि तसाच थांबला.

“ही मधली पायरी बघा. बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे.”

“बोटभरानं काय होतंय?” धाकटा म्हणाला.

“माणूस पडतो,” मिस्त्री म्हणाला. “पायाला एकदा सवय लागली की तो डोळ्यांचं ऐकत नाही. घर म्हाताऱ्या नवरा-बायकोचं आहे.”

सून दुरुस्तीला बसली. आकडा बदलला, सेव्ह करायला गेली, तर पडद्यावर पाटी आली: बदल करता येणार नाही, तुम्हाला परवानगी नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तीच पाटी. धाकट्यानं तिला उठवलं, स्वतः बसला, बटणांवर राग काढला. तेच. दुसरं ड्रॉइंग उघडलं, तिसरं उघडलं. सगळी दिसत होती, एकालाही हात लावता येत नव्हता.

धाकटा खुर्ची फिरवून म्हणाला, “वहिनी, हे तुम्ही केलंत.”

“मी?”

“दादा गेला. आता कारखान्याची नाडी आपल्या हातात राहावी, म्हणून.”

सुनेनं पदर सावरला. एवढ्या दिवसांत ती माझ्यासमोर रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. “भाऊजी, मला इथून उठवायला तुम्हाला निमित्त हवंच होतं. कुलूप तुम्हीच लावलंत आणि नाव माझं घेताय.”

मग जे बोलणं झालं ते लिहीत नाही. घरातल्या माणसांना एकमेकांच्या दुखऱ्या जागा पाठ असतात.

संध्याकाळी सून दोन बॅगा भरून जिन्यातून खाली आली. मागे माझी नात, पाठीवर शाळेचं दप्तर.

“आई, उद्या माझा भाऊ न्यायला येतोय. आम्ही जातो. परत यायचं म्हणाल, तर ते होणार नाही.”

थोरला गेला तेव्हा सगळं गाव येऊन मला ‘खंबीर राहा’ सांगून गेलं होतं. जणू मी एरवी लोळत असते. पण माझी नजर त्या दप्तरावर गेली. थोरल्याचं म्हणून जे काही उरलं होतं, ते दारात चपला शोधत होतं.

“जायचं तर जा,” मी म्हटलं. “पण या घरातून चोर ठरून कोणी जायचं नाही. तुझा भाऊ येईपर्यंत चोर कोण ते मी काढते. मग बघ, जायचं की राहायचं.”

२

सकाळीच मी बहिणीच्या मुलीला बोलावून घेतलं. ती मोठमोठ्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. जीभ माझ्यासारखी, त्यामुळे आमचं पटतं.

तिनं बघितलं आणि म्हणाली, “मावशी, एवढंच? ड्रॉइंगची नक्कल काढून दुसरीकडे ठेवते, त्यात पायरी दुरुस्त करा. पाच मिनिटांचं काम.”

“पायरी दुरुस्त होईल. हे दोघं होतील का?”

तिनं धाकट्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. एक खिडकीजवळ, एक दाराजवळ, मध्ये अख्खी खोली. मग तिनं खुर्ची ओढली.

“ऐका मग. फाईलला अडवायच्या दोन रीती. एक नुसती कडी. फाईलवर ‘फक्त वाचा’ अशी खूण करायची, म्हणजे चुकून कोणाचं बोट लागून काही बदलत नाही.”

“ती खूण हे करायचे,” सून म्हणाली. “गिऱ्हाइकानं जिना पसंत केला की लगेच. दुरुस्ती निघाली की आम्ही खूण काढायचो, बदलायचो, परत लावायचो.”

“बरोबर. कडी कोणीही काढतं. पण आज ती निघतच नाही. म्हणजे फोल्डरला खरं कुलूप आहे. त्या कुलपात माणसांची नावं घातलेली असतात. कोणी नुसतं बघायचं, कोणी बदलायचं, कोणाला मनाई.”

“कधी लागलं ते कळेल?”

“दादानं नोंद चालू ठेवली असेल तर कळेल.” ती खटाखट बटणं दाबत राहिली. “ठेवलीय. कुलूप लागलं दादा दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी.”

थोरल्याच्या डोक्यात छोटी गाठ होती. साधी आहे, काढली की झालं, असं त्यानं मला सांगितलं होतं. सकाळी हसत गेला. दुसऱ्या दिवशी आणला तो तसा. कारखाना त्याच सकाळपासून बंद होता, म्हणून कुलूप इतके दिवस कोणाला दिसलंच नाही.

“लावलं कोणी?” धाकट्यानं विचारलं.

भाची उत्तर द्यायच्या ऐवजी पडद्याजवळ सरकली. चेहरा उतरला.

“मावशी, काहीतरी विचित्र आहे. काल सकाळी ती पायरी बदलायचा प्रयत्न कोणी केला, त्याचंही नाव इथे आहे.”

“कोणाचं?”

“दादाचं.”

३

सुनेनं दाराची चौकट धरली. मी भाचीला म्हटलं, “नीट बघ. गेलेली माणसं पायऱ्या मोजायला येत नाहीत.”

तेव्हा धाकटा खाली बघत बोलला. “दादा नव्हता. आम्हीच होतो. आम्ही सगळे दादाच्या नावानंच उघडतो.”

थोरल्यानं प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड करून दिला होता. ज्यानं त्यानं आपल्याच नावानं उघडायचं, म्हणजे कोणी काय बदललं ते कळेल, असं बजावलंही होतं. सगळ्यांनी हो हो म्हटलं. पण तो पासवर्ड दर थोड्या दिवसांनी बदलावा लागे आणि धाकटा तो दर थोड्या दिवसांनी विसरे. थोरल्याचा मात्र कधी बदलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होता. माझं माहेरचं नाव.

“माझं नाव घेऊन दिवसभर दारं उघडत होतात,” मी म्हटलं, “आणि मला पत्ता नाही.”

“दादालाही नव्हता,” धाकटा म्हणाला. “कळलं असतं तर सोलून काढलं असतं. तो आत, आम्ही बाहेर. कधी बघायलाच आला नाही.”

“थोडक्यात,” भाची म्हणाली, “कुलूप लागलं दादाच्या नावानं, पण हात कोणाचाही असू शकतो. त्या संध्याकाळी इथे कोण कोण होतं?”

सगळे होते. थोरला, सून, धाकटा, मिस्त्री.

मी भाचीला कुलपातली नावं काढायला बसवलं आणि एकेकाला गाठलं.

मिस्त्री मागच्या अंगणात रंधा मारत होता. माझ्या नवऱ्याच्या वेळचा माणूस. मशीन आलं तेव्हा चार दिवस जेवला नव्हता.

“मिस्त्री, तुम्हाला ते कॉम्प्युटर कधी आवडलं नाही.”

“नाहीच आवडत. पण कुलूप लावायला आधी उघडता यावं लागतं ना, बाई. मला नुसतं ड्रॉइंग मोठं करून बघता येतं. ते लहान करायला धाकटे शेठ लागतात.”

“थोरला त्या संध्याकाळी कसा होता?”

रंधा थांबला. “मीच त्याला त्रास दिला त्या दिवशी. ड्रॉइंग परत नेलं. कठडा भिंतीच्या बाजूला काढला होता. मी म्हटलं, शेठ, माणसांनी काय भिंत धरून हवेत चालायचं? एरवी हसला असता. त्यानं कागद घेतला आणि नुसता बघत बसला.”

“एकदाच झालं असं?”

“नाही. शेवटी शेवटी बरेचदा. मला म्हणाला, आईला सांगू नका.”

“आणि तुम्ही नाही सांगितलंत.”

“त्यानं हात धरला होता माझा,” मिस्त्री म्हणाला आणि परत रंध्याला लागला.

धाकटा मशीनजवळ उभा होता. मशीन बंद.

“तुला वहिनी नको झालीय का रे?”

“आई, मला नुसता कापणारा समजतात सगळे. दादाही तसंच समजायचा. इतकी वर्षं मला एक रेघ काढू दिली नाही. मग अचानक रोज समोर बसवून ड्रॉइंग शिकवायला लागला. एक गोष्ट दोनदा विचारली की ओरडायचा. मला वाटलं, स्वतःला कंटाळा आलाय, म्हणून काम माझ्या गळ्यात मारतोय.”

“त्या संध्याकाळी काय बोलला?”

“म्हणाला, उद्यापासून बदल तू करायचे. मी म्हटलं, आधी टाके काढून ये, मग हुकूम सोड.” त्यानं मशीनवरची धूळ हातानंच पुसली. “हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.”

सून वर होती. नातीचे कपडे घड्या करत होती. झालेली घडी मोडून परत करत होती.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” मी विचारलं.

“गाठ साधी आहे.”

“हे मला सांगितलेलं झालं. तुला काय सांगितलं होतं?”

तिनं फ्रॉक छातीशी धरला.

“आई, त्यांनी मला शपथ घातलीय. ते विचारू नका.”

४

खाली आले तर भाची वाट बघत होती. मी सगळ्यांना बोलावलं. मिस्त्रीलाही.

“वाच,” मी म्हटलं.

“मिस्त्री: फक्त बघायचं. धाकटा: बघायचं, बदलायचं, शिवाय कुलूप काढायचाही हक्क. वहिनी: तेच, सगळे हक्क.” ती थांबली. “दादा: बघायचं. बदलायला मनाई. कुलूप काढायचा हक्कही काढून घेतलाय. मनाई आहे ती एकट्या दादाला.”

“म्हणून आम्हाला जमत नव्हतं,” धाकटा म्हणाला. “आम्ही त्याच्याच नावानं शिरत होतो.”

“हो. आपल्या नावानं आला असतात तर एका क्षणात उघडलं असतं.”

धाकट्याचा राग लगेच परत आला. “मग झालं की सिद्ध! वहिनींना माहीत होतं आम्ही दादाच्या नावानं शिरतो. ते नाव बंद केलं की मी अडकलो.”

“तुम्हालाही तेच माहीत होतं,” सून म्हणाली.

“दोघंही तोंड बंद करा,” मी म्हटलं. “आता मी बोलते.”

ते बंद झाले.

“धाकट्या, वहिनीला अडवायचं तुझ्या मनात असतं, तर तिच्या नावाला कुलूप काढायचा हक्क दिला असतास?”

“वेडा आहे का मी?”

“त्याचं उत्तर नंतर. आणि सूनबाई, याला अडवायचं असतं, तर याच्या नावाला तू सगळं दिलं असतंस?”

“नाही.”

“माणूस दार लावतो आणि ज्याच्यासाठी लावलं त्याच्याच हातात किल्ली ठेवतो, असं होत नाही. ज्यानं हे केलं त्याचा तुम्हा दोघांवर भरवसा होता. एकावर जितका, तितकाच दुसऱ्यावर. मिस्त्रींना करता येत नाही, आणि त्यांनी स्वतःसाठी काही ठेवलेलंही नाही.”

“मग राहिलं कोण?” धाकटा म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

“दुसरी गोष्ट. तुम्ही तिघंही थोरल्याच्या नावानं शिरत होतात. ते नाव बंद करणं म्हणजे तुमच्यासाठी आपलीच वाट बंद करणं. काल दोघंही तसेच आपटलात, मी बघितलंय. तेव्हा हे कुलूप अशा माणसानं लावलंय, ज्याला वाटत होतं की सगळे आपापल्या नावानं येतात, आणि थोरल्याच्या नावानं फक्त थोरला येतो.” मला जरा थांबावं लागलं. “असं वाटणारं या घरात एकच माणूस होतं. तुम्ही ज्याला फसवत होतात ते.”

मग भाचीनं हळूच विचारलं, “पण मावशी, दादा स्वतःलाच का अडवील?”

मी सुनेकडे वळले. “शपथ त्यानं घातली, मी सोडवते. मी त्याची आई आहे, माझा हक्क तुझ्या आधीचा. बोल.”

५

ती उभ्या उभ्याच बोलली.

“गाठ साधी नव्हती. तिच्यामुळेच चुका व्हायच्या. आकडे उलटे पडायचे, डावं-उजवं कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर कदाचित वाचतील, पण आधीसारखं डोकं चालेलच असं नाही. नाही केलं तर थोडे महिने. ते म्हणाले, करतो.”

“आणि कारखाना?”

“मला म्हणाले, मी परत आलो तर मला कामाला बसू देऊ नका. मी चुकतोय हे माझं मलाच कळणार नाही. मी हट्ट करीन, तुम्हाला ओरडीन, खुर्ची सोडणार नाही, आणि कोणाची तरी म्हातारी आई माझ्या पायरीवरून पडेल.” तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “मी म्हटलं, तुम्हाला अडवायची हिंमत आहे का कोणाची इथे? कुलपाचं मला खरंच ठाऊक नव्हतं, आई. आमच्यातल्या कोणाला जमणार नाही म्हणून त्यांनीच ते काम उरकलं.”

धाकटा मशीनजवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बापाच्या वेळी हा असाच भिंतीकडे तोंड करून रडला होता, आणि तेव्हा थोरला जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला होता. या वेळी मिस्त्री गेला.

बऱ्याच वेळानं धाकटा वळला. “वहिनी, मी काल जे बोललो...”

“मीही बोलले.”

“तुमच्यापेक्षा जास्त मी बोललो.”

“हो,” सून म्हणाली. “जरा जास्तच.”

भाचीनं खुर्ची रिकामी केली. “बसा वहिनी. तुमच्या नावानं.”

सुनेनं ते नाव कधी वापरलंच नव्हतं. नव्या नवरीसारखी बिचकत तिनं थोरल्यानं पहिल्यांदा करून दिलेला पासवर्ड घातला, कॉम्प्युटरनं मागितला तसा नवा ठेवला. फोल्डर उघडलं. तिनं पायरीचा आकडा बदलला. धाकटा मागून म्हणाला, “वहिनी, वरचीही बघा, एक उतरवली की दुसरी चढते,” आणि तिनं तीही सारखी केली. सेव्ह केलं. पाटी आली नाही. मिस्त्रीनं वाकून वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

तेवढ्यात दारात गाडी वाजली. सुनेचा भाऊ.

ती बाहेर गेली. मी खिडकीतून पाहत राहिले. तो गाडीची डिकी उघडून उभा होता, ती त्याला काहीतरी सांगत होती, नात दप्तरासकट मध्ये उभी. मी देवाला काही मागितलं नाही. त्याचा नि माझा सध्या अबोला आहे. मग भावानं डिकी लावली, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी प्यायला आत आला. धाकट्यानं बॅगा उचलल्या आणि वर नेऊन ठेवल्या.

सगळे पांगल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली.

“मला का नाही सांगितलं त्यानं?” मी विचारलं. मला रागानं विचारायचं होतं, आवाज तसा निघाला नाही.

“तुम्ही त्यांना ऑपरेशनला जाऊ दिलं नसतंत.”

“नसतंच जाऊ दिलं.”

“मग आणखी चुकत गेले असते, आई. शेवटी शेवटी मुलीला माझ्या नावानं हाक मारायचे, मला तिच्या. बाबांना कळू नये म्हणून ती ओ द्यायची. मीही द्यायचे.”

“मला नाही कधी चुकून हाक मारली.”

“तुमच्याकडे यायच्या आधी दाराबाहेर उभे राहायचे. तोंडातल्या तोंडात ‘आई’ म्हणून बघायचे, आणि मग आत यायचे.”

मी तिचा हात घेतला. मला एवढंच म्हणता आलं, “अगं, यायचं होतं तसंच आत. कोणाच्याही नावानं हाक मारली असती, तरी मी ओ दिली असती.”